कॅलगरीला मुलीकडे हिवाळ्यात जातोय: घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ आपणच काढायचा म्हणे, खरं का?

निवृत्त मुलुंडकर

नमस्कार मंडळी. मुंबईत घामाघूम होऊन बर्फाबद्दल विचारतोय म्हणून हसू नका. मुलगी-जावई कॅनडात कॅलगरीला असतात, आधी भाड्याच्या फ्लॅटमध्ये होते, गेल्या वर्षी त्यांनी तिथे स्वतःचं घर घेतलं. यंदा डिसेंबर ते मार्च आम्ही दोघं तिकडे चाललोय. त्यात जानेवारीत साधारण तीन आठवडे जावई कामासाठी बाहेरगावी आणि मुलीच्या हॉस्पिटलातल्या शिफ्ट, म्हणजे घरात खरं तर आम्ही दोघं आणि अकरा वर्षांचा नातू. काल व्हिडिओ कॉलवर मुलगी सहज बोलून गेली की बाबा, बर्फ पडला तर समोरचा फुटपाथ साफ करावा लागतो हं, नाहीतर कोणीतरी तक्रार करतं आणि सिटीची, म्हणजे तिथल्या महापालिकेची, नोटीस येते. मी म्हटलं अगं फुटपाथ तुझ्या नावावर आहे का, तर म्हणे नाही, सिटीचाच आहे. मग प्रॉपर्टी टॅक्स भरता तो कशाचा, तर हसायला लागली आणि म्हणाली तो रस्त्याचा.

मला हे काही पचत नाहीये. उद्या आपल्या वॉर्ड ऑफिसने सांगितलं की सोसायटीसमोरचं गटार तुम्हीच उपसा तर लोक घमेली घेऊन जातील का मोर्चा घेऊन, तुम्हीच सांगा.

फावड्याची मला भीती नाही, रेल्वेत ३४ वर्षं रुळांच्या देखभालीत काढली, २६ जुलैला कुर्ल्याला कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. पण २०१९ला एक स्टेंट बसलाय, आणि ही म्हणते की तुम्ही फावड्याला हात लावलात तर मी परतीचं तिकीट काढते. तर नक्की नियम काय, किती काढायचं, नाही काढलं तर काय होतं आणि माझ्यासारख्याने करावं की नाही, तिथे राहिलेल्यांनी सांगा.

परळचा पोपट

काका, मुंबईचं आजवरचं सगळ्यात कमी तापमान ७.४, तारीख २२ जानेवारी १९६२. त्यानंतर आपण १५ झालं की कानटोप्या काढतो. तुम्ही डायरेक्ट उणे तीसला चाललात, फुटपाथचं नंतर बघा आधी नाकाचं बघा 😄

चिनूकवाला

काका, मी ११ वर्षं कॅलगरीत होतो, आता ठाण्यात. मुलगी म्हणते ते शंभर टक्के खरं आहे.

तिथला नियम असा की बर्फ पडायचा थांबला की तिथून २४ तासांत तुमच्या घराला लागून असलेला सार्वजनिक फुटपाथ पूर्ण रुंदीचा, खालचं काँक्रीट दिसेपर्यंत मोकळा पाहिजे. जबाबदारी घरात राहणाऱ्याची, मालक असो वा भाडेकरू. घर कोपऱ्यावरचं असेल तर दोन्ही बाजू तुमच्या, आणि कोपऱ्याचं घर घेताना एजंट हे सांगत नाही, सांगतो काय तर उजेड छान येतो. तक्रार सिटीच्या ३११ नंबरवर होते, माणूस येऊन बघतो, नोटीस लावतो, तरी नाही केलं तर दंड होऊ शकतो (मी होतो तेव्हा पहिल्या वेळचा २५० डॉलर होता) आणि शिवाय सिटी स्वतःचा कंत्राटदार पाठवून काढून घेते आणि बिल तुम्हाला. ते नाही भरलं तर प्रॉपर्टी टॅक्समध्ये जोडून येतं, सुटका नाही.

आता रस्त्याचं. सिटी रस्ता करते पण आपल्याला वाटतं तसं दारातला नाही करत हो. त्यांचा सात दिवसांचा प्लॅन असतो, पहिल्या दिवशी फक्त मोठे रस्ते, क्रोचाइल्ड ट्रेल, ग्लेनमोर ट्रेल, मेमोरियल ड्राइव्ह वगैरे, म्हणजे जिथे दिवसाला २० हजारांच्या वर गाड्या जातात, दुसऱ्या दिवशी त्याखालचे, बसचे मार्ग, मग चढउतार, शाळांचा भाग, आणि सगळ्यात शेवटी गल्लीबोळ. आणि तेही गल्लीत काही डांबर दिसेपर्यंत काढत नाहीत, नुसतं चाकांचे खोल चर सपाट करतात, खाली दाबलेला बर्फ तसाच राहतो आणि लोक त्याच्यावरूनच चालवतात. मधे परत पडला की पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू. त्यामुळे तुमची गल्ली बर्फाळ आणि तिच्या बाजूचा फुटपाथ लख्ख असं उलटं चित्र दिसतं, मला पहिल्या वर्षी फार गंमत वाटायची, साहेबांचा रस्ता घाण आणि आमचा फुटपाथ चकाचक.

आणखी एक, मोठ्या रस्त्यांवर निळ्या पाट्या असतात, हिमकणाचं चित्र असलेल्या. पार्किंग बंदी जाहीर झाली की त्या रस्त्यावर गाडी उभी करायची नाही, उचलून नाही नेली तरी तिकीट पक्कं. जावई गाडी बाहेर लावून गावाला गेला आणि बंदी लागली तर तुम्ही काय करणार, चावी कुठे ठेवतो ते आधीच विचारून ठेवा.

निवृत्त मुलुंडकर

बापरे. काँक्रीट दिसेपर्यंत? आणि आठवड्यात तीनदा पडला तर तीनदा? आम्ही म्हणजे गँगमन झालो की परत.

चिनूकवाला

तीनदा पडला तर तीनदा 🙂 पण घाबरू नका, कॅलगरी कोरडी आहे. तिथला बर्फ बऱ्याचदा पिठासारखा असतो, जाड थंडीत तर ज्वारीच्या पिठाएवढा हलका, खराट्याने पण जातो. खरी भानगड वेगळीच आहे आणि ती समजायला आधी आपली भाषा बाजूला ठेवावी लागते. आपण दोन्हीला बर्फच म्हणतो. आभाळातून पडतो तोही बर्फ आणि फ्रीजमधला, रसवंतीवाला फोडतो तोही बर्फ. हिम म्हटलं की शाळेतल्या कविता आठवतात. पण तिथे स्नो आणि आईस या दोन जाती आहेत आणि सगळी जबाबदारी याच एका गोष्टीत आहे की पहिल्याचा दुसरा होऊ द्यायचा नाही.

होतो कसा, तर एक, लोक चालतात. ताज्या बर्फावर बूट पडला की तिथला भाग दाबून घट्ट होतो आणि दुसऱ्या दिवशी फावडं त्याच्यावरून नुसतं घसरत जातं, बाकीचं सगळं निघतं पण पावलांचे ठसे तसेच चिकटलेले. म्हणून पेपर आणायला जायच्या आधी फावडं. दोन, चिनूक. रॉकी पर्वतावरून एक गरम वारा येतो, सकाळी उणे १५ असलं तर दुपारी अधिक ५, पश्चिमेला ढगांची कमान दिसते आणि सगळं गाव टी-शर्टवर येतं. गटारं वाहायला लागतात, आपल्याला वाटतं वा सुटलो, आपोआप वितळलं. आणि रात्री परत उणे १२, की सकाळी फुटपाथ म्हणजे आरसा.

माझ्यासोबत काय झालं सांगतो. तिसऱ्या वर्षी मी अगदी मन लावून साफ केलेला फुटपाथ, आणि चार दिवसांनी दारावर नोटीस. मी भडकलो, कोणी तक्रार केली म्हणून शेजाऱ्यांकडे संशयाने बघायला लागलो, बायको म्हणाली आधी खाली बघा. तर आमच्याच छपराच्या पन्हाळीचा पाइप बागेऐवजी फुटपाथकडे तोंड करून सोडलेला, दुपारी छपरावरचं वितळून तिथून वाहायचं आणि रात्री गोठायचं. इंचभर जाड काच तयार झालेली. दहा डॉलरचा प्लास्टिकचा पाइप जोडून तोंड फिरवलं आणि प्रश्न संपला. काका तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा घराभोवती एक चक्कर मारा आणि पाण्याचा पाइप कुठे उघडतो ते बघा, रेल्वेवाल्याला हे सांगायला नको खरं तर.

सेक्रेटरीबाई गोरेगाव

काका मोर्चाचं म्हणालात म्हणून लिहिते. मी सहा वर्षं सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि मला यात काही नवल वाटलं नाही. आपल्याकडे काय वेगळं आहे? आवारातलं झाड पावसात पडून बाहेर उभ्या रिक्षावर आलं तर महापालिका म्हणते झाड तुमचं, छाटणी तुम्ही करायची होती, आणि छाटायचं तर परवानगी आमची घ्यायची. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी पत्र येतं. गच्चीवरच्या टाकीचं झाकण तुटलेलं, कुंडीच्या बशीत पाणी, तिथे डासांच्या अळ्या सापडल्या की नोटीस सोसायटीलाच येते. इमारत ३० वर्षांची झाली की स्ट्रक्चरल ऑडिट आपल्याच खर्चाने. म्हणजे पावसाळ्याची आपलीही कामं आहेतच की कायद्यात, फक्त आपण ती सेक्रेटरीच्या डोक्यावर टाकून झोपतो आणि वर्गणी मागितली की म्हणतो मागच्या वर्षीच तर दिली.

तिथे बहुतेक सेक्रेटरीच नसावी, म्हणून नोटीस थेट दारावर.

परळचा पोपट

काकू थोडा फरक आहे हां. झाड आवारातलं आहे, टाकी गच्चीवरची आहे. फुटपाथ आवारातला नाही. मी टॅक्स भरतो, नालेसफाईचं टेंडर निघतं, ३१ मेची मुदत असते, दरवर्षी फोटो येतात गाळ काढल्याचे, आणि पहिल्या पावसात हिंदमाता चौक तुंबलेला. त्यात मी पण नाल्यात उतरायचं का? ज्याचं काम त्याने करावं. कॅनडात बर्फ मोफत काढून घेतायत लोकांकडून आणि आपण कौतुक करतोय.

सेक्रेटरीबाई गोरेगाव

नाल्यात उतरू नका हो, फक्त नाल्यात टाकू नका, एवढंच काम आहे. आमच्या मागच्या नाल्यातून दोन वर्षांपूर्वी सोफा निघाला. आख्खा. तो काही महापालिकेने टाकला नव्हता.

परळचा पोपट

सोफ्याचं मान्य 🙏 पण मुद्दा सोडत नाही.

मिसिसागाची सून

मी सध्या आईकडे डोंबिवलीला आलेय, नेहमी मिसिसागाला असते, ओंटारिओ. पोपट यांचा मुद्दा अगदीच चूक नाहीये, तिकडेही यावर भांडणं होतात आणि प्रत्येक शहराचं उत्तर वेगळं असतं. टोरांटोत आता बहुतेक फुटपाथ सिटीच मशीनने साफ करते, आधी जुन्या शहरात रहिवाशांनाच करावं लागायचं. मॉन्ट्रियलला तर बर्फ नुसता बाजूला करत नाहीत, ट्रकमध्ये भरून उचलून नेतात, जुन्या दगडखाणीत नेऊन टाकतात, आणि उचलायच्या आधी गाड्या हटवायला भोंगा वाजतो. ते पण टॅक्सच्याच पैशातून. उलट न्यूयॉर्कला फुटपाथ घरमालकाचा, आणि वेळापत्रक असं की बर्फ दिवसा थांबला तर चार तास, संध्याकाळी थांबला तर चौदा तास, आणि रात्री नऊनंतर थांबला तर सकाळी ११ पर्यंत. तिथे रस्त्यावरचा बर्फ काढतं कोण माहितीये का, कचरा खातं. कचऱ्याच्याच गाड्यांना पुढे पातं लावतात आणि त्याच फिरतात. माझा भाऊ बोस्टनला आहे त्याला तर तीनच तास मिळतात आणि ४२ इंच रुंद वाट करावी लागते, व्हीलचेअर गेली पाहिजे म्हणून. काका तुम्हाला २४ तास मिळतायत म्हणजे आराम आहे.

आमच्याकडे खरा वैताग विंडरोचा. म्हणजे तुम्ही सकाळी उठून ड्राइव्हवे स्वच्छ केलात, घाम पुसलात, चहा टाकलात, आणि तेवढ्यात सिटीचं प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलायची गाडी, रस्ता साफ करत येतं आणि रस्त्यावरचा सगळा चिखलबर्फ तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी बांध घालून निघून जातं. आणि तो हलका नसतो, मिठाने अर्धवट वितळलेला, ओल्या वाळूसारखा जड. माझे सासरे त्या ड्रायव्हरला जे बोलतात ते मी इथे टाइप करू शकत नाही.

आणि काका एक विसरू नका, आपला बर्फ रस्त्यावर ढकलायचा नाही. ओंटारिओत तर तो वाहतुकीच्या कायद्यातच गुन्हा आहे. आपल्याच आवारात ढीग लावायचा, शेजाऱ्याच्या पण नाही. आणि रस्त्यात आग विझवायचा लाल-पिवळा नळ तुमच्या घरासमोर असेल तर त्याच्याभोवतीचा पण मोकळा ठेवतात लोक, ते बरं असतं.

स्टेथो खुंटीवर

बर्फाचं मला काही माहीत नाही, पण स्टेंट वाचला म्हणून लिहितोय, निवृत्त डॉक्टर आहे, दादरला असतो. मुलुंडकर, तुमच्या मिसेस बरोबर आहेत.

२०१७ साली क्युबेक प्रांतातल्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून एक अभ्यास कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, भरपूर बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हार्ट अटॅकने दाखल होण्याचं आणि मरण्याचं प्रमाण वाढतं, बायकांमध्ये तसं दिसलं नाही. फावडं कोणाच्या हातात असतं ते उघड आहे. कारण साधं आहे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, त्यात हे काम हातांचं, पाय जागेवर रोवलेले आणि जड फावडं उचलताना माणूस नकळत श्वास कोंडून धरतो. आणि वेळ सकाळची, उठल्या उठल्या. गादीवरून थेट उणे वीसमध्ये. तुम्ही ३४ वर्षं फावडं मारलं असेल पण ते ३५ डिग्रीत आणि तेव्हा स्टेंट नव्हता, त्या हिशोबावर जाऊ नका.

माझं मत विचाराल तर तुम्ही उचलायचं काम करूच नका. नातवाबरोबर दोन इंच ताजा हलका बर्फ पुढे ढकलणं वेगळं, तेही निघायच्या आधी तुमच्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारून, त्यांना ट्रेडमिल टेस्ट वगैरे करावीशी वाटेल. छातीत, जबड्यात, डाव्या हातात काही वाटलं तर थंडीने असेल म्हणून बसू नका, लगेच ९११, तिथला आणीबाणीचा नंबर.

आणि विमा. सुपर व्हिसावर (मुलांकडे लांब मुदतीसाठी राहायला जाणाऱ्या आईवडिलांचा व्हिसा) जात असाल तर किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतोच, पण फक्त रक्कम बघून घेऊ नका. आधीपासूनच्या आजाराची अट वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये असं असतं की निघायच्या आधीचे अमुक इतके दिवस तो आजार स्थिर पाहिजे, आणि त्या काळात गोळी किंवा डोस बदलला तरी स्थिर नाही असं धरतात. लोक निघायच्या आधी हौसेने फुल चेकअप करतात, डॉक्टर एक गोळी वाढवतात, आणि पॉलिसी हृदयासाठी निकामी. म्हणजे तपासणी करायची ती आत्ताच करा, नोव्हेंबरच्या शेवटी नको.

काळा कोट

कोणी घसरून पडलं तर दावा लागतो का हे कोणी विचारलं नाही, पण विचारणार तुम्ही, म्हणून आधीच. तिथे साधारण भूमिका अशी आहे की फुटपाथ साफ न केल्याचा दंड वेगळा आणि पडलेल्याच्या नुकसानीची जबाबदारी वेगळी. २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या अपील कोर्टाने म्हटलं की निव्वळ पालिकेचा नियम आहे म्हणून समोरच्या सार्वजनिक फुटपाथवर पडणाऱ्याचं देणं घरमालकाला लागत नाही. प्रांत वेगळा आहे, आणि चिनूकवाल्यांसारखं आपणच पाइप सोडून काच बनवली असेल तर मामला वेगळा. तुमच्या स्वतःच्या पायऱ्या, ड्राइव्हवे, दारापर्यंतची वाट मात्र पूर्ण तुमची, पोस्टमन किंवा डिलिव्हरीवाला पडला तर तुमच्या अंगावर येऊ शकतं. मुलीच्या घराच्या विम्यात हे असतं बहुतेक, तिला बघायला सांगा. उलट बाजूने, तुम्ही स्वतः सिटीच्या फुटपाथवर पडलात तर अल्बर्टात, म्हणजे कॅलगरीच्या प्रांतात, सिटीला लेखी कळवायची मुदत २१ दिवसांची आणि बर्फाच्या बाबतीत नुसता निष्काळजीपणा पुरत नाही, घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. म्हणून न पडणं स्वस्त.

परळचा पोपट

"न पडणं स्वस्त" हे आमच्या वॉर्डातल्या मॅनहोलवर लिहायला पाहिजे. २०१७च्या ऑगस्टात तुंबलेल्या पाण्यात एक डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, त्यानंतर आता आत जाळ्या बसवल्यात म्हणा.

काका पण सिरीयसली, पैसे देऊन माणूस नाही का मिळत? इथे पन्नास नाके आहेत कामगारांचे.

चिनूकवाला

मिळतो की. महिन्याच्या ठरावाने कंत्राटदार असतात, अमुक सेंटिमीटरच्या वर पडला की येतात. पण जानेवारीत शोधाल तर सगळे फुल, ऑक्टोबरमध्येच बोलून ठेवायचं. आणि ठराव करताना विचारायचं की किती सेंटिमीटरला येणार, कारण काही जण पाचच्या खाली येत नाहीत आणि सिटीचा नियम तर एक सेंटिमीटरलाही लागू, मग ते तीन सेंटिमीटर कोण काढणार. गल्लीतली कॉलेजची पोरं पण करतात, ती स्वस्त पण परीक्षा आली की गायब.

शिवाय कॅलगरीत स्नो एंजल्स म्हणून एक पद्धत आहे, २००४पासून, म्हणजे शेजारच्या म्हाताऱ्या माणसांचा फुटपाथ कोणीतरी आपणहून साफ करून टाकायचा. आमच्या बाजूच्या सत्तरीच्या आजोबांचा मी करायचो, आणि मी भारतात आलो की ते माझा करायचे, बायको म्हणायची लाज वाटत नाही का तुम्हाला.

डॉक्टरांचं ऐकून तुम्ही उचलू नका, पण नातू आणि मुलीसाठी लिहितो:

रुंद, वाकडं, ढकलायचं फावडं घ्या. आपलं बांधकामाचं फावडं डोळ्यासमोर आणू नका, ते तिथे बागेत वापरतात. पात्याला थोडं स्वयंपाकाचं तेल पुसलं की बर्फ चिकटत नाही. पूर्ण थांबायची वाट बघू नका, मोठा पडत असेल तर मधेच एकदा दोनदा ढकलून घ्यायचा, वीस सेंटिमीटर एकदम उचलण्यापेक्षा पाच पाच चारदा सोपा. आधी मधून एक वाट, मग दोन्ही कडा. घराच्या भिंतीतून हीटरचा धूर जायचा पांढरा पाइप बाहेर येतो, त्याच्यासमोर ढीग चुकूनही नको, तो बुजला तर आत कार्बन मोनॉक्साइड. घरात त्याचा अलार्म चालू आहे ना ते मुलीला विचारा, हे फुटपाथपेक्षा महत्त्वाचं आहे.

मीठ. लोक पोतंभर ओततात आणि म्हणतात चालत नाही. साधं मीठ उणे दहाच्या आसपास दम टाकतं, त्याखाली कॅल्शियम क्लोराइडवालं लागतं, ते महाग, आणि कुत्र्यांच्या पायाला दोन्ही झोंबतात. शिवाय नवीन काँक्रीट मिठाने पापुद्रे सुटून खराब होतं, मुलीच्या घराची वाट नवी ओतलेली असेल तर पहिला हिवाळा मीठ नकोच. जाड थंडीत खडीच बरी. आणि ती फुकट आहे! सिटीने जागोजागी पिवळ्या पेट्या ठेवलेल्या असतात, आत खडी आणि थोडं मीठ, रहिवाशांनी आपला डबा नेऊन भरून आणायची. वितळत नाही काही पण पायाला पकड मिळते. हीच खडी मग एप्रिल-मेमध्ये गावभर धूळ होऊन उडते आणि सिटी झाडणारी मशीनं घेऊन येते, त्याची पण पार्किंग बंदी वेगळी लागते.

मिसिसागाची सून

बुटाला लावायचे रबरी काटे घ्या काकांसाठी, तिथेच मिळतील, इथून शोधत बसू नका. आणि चालताना बदकासारखं, छोटी पावलं, हात खिशाबाहेर. काकू साडी नेसून बाहेर जाणार असतील तर खाली थर्मल आणि वर लांब कोट, माझी आई असंच करते, निऱ्यांना बर्फ लागतो तेवढा फक्त झटकायचा.

निवृत्त मुलुंडकर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तीन वेळा वाचून काढलं, हिला मोठ्याने वाचून दाखवलं, डॉक्टरसाहेबांचा भाग तिने दोनदा वाचायला लावला.

मुलीशी बोललो. विचारल्यावर कळलं की घर कोपऱ्यावरचंच आहे. चिनूकवाले तुम्ही लिहिलंत आणि माझ्या पोटात गोळा आला होता तोच खरा ठरला, उजेड छान येतो म्हणून घेतलंय. दोन्ही बाजू मिळून साधारण चाळीस मीटर भरेल असं जावई म्हणतो, म्हणजे आमच्या हिशोबात तीन-चार रुळांचे तुकडे, माझ्या गँगला पाऊण तासाचं काम होतं, पण गँग आता नाही. जानेवारीपुरता एक कंत्राटदार ठरवायला सांगितलाय आणि किती सेंटिमीटरला येणार हे विचारायला सांगितलं, तर तो पाचच म्हणाला! मग पाचच्या खालचं नातू ढकलणार, मी शेजारी उभा राहून सूचना देणार. चाळीस मीटरला किती फेऱ्या, आधी कुठली बाजू, ढीग कुठे लावायचा याचा एक कागद मी काढून ठेवलाय, मुलगी म्हणते बाबा तो अकरा वर्षांचा आहे. पाइपाचं तोंड जावई या रविवारी बघतोय, अलार्मची बॅटरी पण. माझी टेस्ट पुढच्या आठवड्यात.

पोपट, टॅक्सचा मुद्दा मला अजूनही पटतो, पण कोपऱ्यावरून सकाळी शाळेची पोरं जातात असं नातू सांगत होता, तो स्वतः पण त्यातलाच, तर असो.

हिचा एकच प्रश्न राहिलाय. त्या पिवळ्या पेटीतली खडी आणायला डबा आपला न्यायचा म्हणता, तर इथून पाच लिटरचा तेलाचा डबा वरचा भाग कापून घेऊन यावा का? बॅगेत जागा करते म्हणतेय.

चिनूकवाला

काकूंना सांगा डबा नको. तिथे चार लिटरचं आईस्क्रीम बादलीत मिळतं, दांडी असलेल्या. घरोघरी त्याच बादल्या असतात खडीला. नातवाला आजच सांगा, बादली लवकर रिकामी कर म्हणून, तो नाही म्हणणार नाही.